नाव एक, विष दुसरे

हंगेरीच्या डोंगराळ अरण्यांत बीच वृक्षांच्या छायेत जे उंच झुडूप वाढते, ज्याची जांभळट-तपकिरी फुले घंटेसारखी लोंबतात आणि ज्याचे काळेभोर, तुकतुकीत फळ पाच हिरव्या दलांच्या चांदणीवर पिकल्या करवंदासारखे बसलेले दिसते, त्याला वनस्पतिशास्त्र ‘अट्रोपा बेलाडोना’ म्हणत असले, तरी तेथील लोक ‘नाद्रागुया’ म्हणतात. आणि हे नाव मुळात त्या झुडपाचे नव्हेच.

ते आले लॅटिन ‘मांद्रागोरा’वरून. मनुष्याकृती मुळामुळे गूढ मानली गेलेली ती वनस्पती भूमध्य सागराकाठची. हंगेरीच्या मुलखात ती आपणहून उगवत नाही. परंतु तिची कीर्ती तेथवर पोहोचली, आणि दारी नसलेल्या वनस्पतीचे नाव तिच्याच कुळातल्या, तिच्यासारखेच भ्रम उपजविणारे विष बाळगणाऱ्या रानझुडपास मिळाले. लोकांच्या जिभेवर अक्षरांची अशी अदलाबदल झाली, की त्यात विजारीचा वाचक ‘नाद्राग’ आणि गुरांच्या कळपाचा वाचक ‘गुया’ या घरगुती शब्दांचा भास व्हावा.

यास कोणी भ्रष्ट रूप म्हणेल. मला त्यात परका शब्द आपलासा करणाऱ्या लोकभाषेचे सामर्थ्य दिसते. आपल्याकडेही संस्कृत ‘वत्सनाभा’चा ‘बचनाग’ झाला, आणि नाभीच्या जागी आलेला नाग विषाला शोभूनच दिसला. मात्र हिमालयातल्या त्या वनस्पतीचे नाव महाराष्ट्रात पावसाळ्यात कुंपणावर तांबड्या-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणाऱ्या कळलावीलाही लाभले आहे, आणि येथे प्रकरण गंभीर होते. नाद्रागुया व मांद्रागोरा यांचे विष एकाच जातीचे. आपल्या दोन बचनागांचे तसे नाही. एकाचे ॲकोनिटीन हृदयाची लय बिघडविते, दुसऱ्याचे कोल्चिसीन पेशींचे विभाजनच रोखते.

म्हणून माझे आग्रहाचे मागणे असे, की तालुक्यातालुक्यातील विषारी वनस्पतींची लोकनामे, कोणते नाव तेथे कोणत्या झाडाला चालते याच्या सचित्र नोंदीसह, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दप्तरी असावीत. विषबाधा झालेले मूल कवेत घेऊन धावत आलेल्या आईच्या तोंडी शास्त्रीय नाव नसते, गावचा शब्द असतो. आणि त्या शब्दाचा तिच्या गावातला अर्थ वैद्याला त्याच क्षणी ठाऊक असावा लागतो.