धानाचे चुकारे आणि पोरांचे मोबाइल: चामोर्शीकरांनो, आताच सावध व्हा

चामोर्शी तालुक्यातील आयाबापहो, गुरुजनहो, बचत गटांच्या ताईंनो,

धानाचे चुकारे खात्यात जमा होण्याचे हे दिवस आहेत. ज्या मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो, तोच संध्याकाळी पोरांच्या हातात असतो. पिनही त्यांना पाठ असतो.

ते काय खेळतात, एकदा शेजारी बसून बघा. पैसे देऊन डायमंड किंवा नाणी घ्यायची, ती टाकून चक्र फिरवायचे किंवा बंद पेटी उघडायची. आत काय निघेल, ठाऊक नाही. हवी ती बंदूक, हवा तो पोशाख निघाला नाही की पुन्हा पैसे. कोंबडबाजार आपण ओळखतो, सट्टापट्टीही ओळखतो. हा जुगार खेळाच्या आत दडलेला आहे आणि खेळणारा सातवीत शिकतो, म्हणून तो आपल्या नजरेतून सुटतो.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. असा खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटी रुपयांपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला नाही. तेव्हा ज्यांचे पैसे बुडाले त्यांनी भिऊन गप्प बसू नये. पण या कायद्यात बंद पेटीचा स्पष्ट उल्लेख नाही. पेटीतून निघते ती खेळातली वस्तू, रोकड नव्हे, असे म्हणायला कंपन्यांना जागा उरते.

कायद्यातले शब्द किती महत्त्वाचे, ते नेदरलँड्समध्ये दिसले. तिथल्या नियामकाने पेट्यांवरून एका बड्या कंपनीला ठोठावलेला दंड 2022 मध्ये न्यायालयात टिकला नाही. बेल्जियमने मात्र 2018 मध्येच विकतच्या पेट्यांना जुगार ठरवले आणि कंपन्यांना त्या काढाव्या लागल्या. ऑस्ट्रेलियात सप्टेंबर 2024 पासून जुगाराची नक्कल असलेल्या नव्या खेळांवर 18 वर्षांवरील असा शिक्का लागतो. आपल्या पोरांना यापेक्षा कमी संरक्षण का?

आज रात्रीच यूपीआयचा पिन बदला. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. पोराने पैसे घालवले असतील तर मारू नका, आधी सगळे बोलून घ्या. कोणी फसवून पैसे काढले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. मूल खेळावाचून राहू शकत नसेल, झोप उडाली असेल, तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

आणि येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेला या. लोकांनी रेटा लावला म्हणून 1993 मध्ये या जिल्ह्यात दारूबंदी झाली; ती मागणी गावागावांतून उठली होती. तसाच ठराव आता घ्या: अठरा वर्षांखालील मुलांना विकतची बंद पेटी दाखवू नये, कायद्यात तिचे नाव घालावे. ठराव केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला पाठवा, एक प्रत तहसील कार्यालयात द्या आणि पोच घ्या.