हातचा आणि सुटे पैसे

बेरीज बोटांपासून सुरू होते, आणि बोटांविरुद्धची पालकांची मोहीमही. ‘दुसरीत गेला तरी बोटांवरच मोजतो हो,’ ही तक्रार शाळेच्या फाटकाशी याही आठवड्यात होतीच. तक्रार करणारी मंडळी एकादशीला किती दिवस उरले ते पेरांवरच मोजतात. अंगठ्याने चार बोटांची पेरे मोजली की एका हातावर बारा भरतात. इतके स्वस्त आणि न हरवणारे शैक्षणिक साहित्य कोणत्याही पेटीत आलेले नाही.

पाच चिंचोके आणि तीन चिंचोके दिले की मूल आधी एकपासून आठपर्यंत सगळे मोजते. पुढे कधीतरी ते पाच मनात धरते आणि सहा, सात, आठ म्हणते. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही, पण पहिलीच्या वर्षातली सर्वांत मोठी घटना हीच. त्यानंतर दहा पूर्ण करणे येते: आठ अधिक पाच करताना पाचातले दोन आठाला द्यायचे, झाले दहा, उरले तीन. बोटे दहाच असल्यामुळे ही युक्ती त्यांच्यावरच उत्तम कळते. बोटांना बंदी घातली की मूल मोजणे सोडत नाही; बाकाखाली हात नेऊन मोजते.

वजाबाकीचे दुखणे वेगळे. ‘काढून टाकणे’ हा तिचा एकच अर्थ शिकवला जातो, पण ‘फरक किती’ आणि ‘अजून किती हवेत’ हीही वजाबाकीच. त्यात ‘जास्त म्हटले की बेरीज, कमी म्हटले की वजाबाकी’ हा शिकवणीतला मंत्र. राजूकडे ९ गोट्या आहेत आणि त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा ४ ने जास्त आहेत, तर मीनाकडे किती? मंत्र पाठ असलेले मूल ठामपणे तेरा सांगते.

‘असर’ पाहणीत दोन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी विचारतात. ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी ती किमान येणारी मुले २०२२ मध्ये २५.९ टक्के होती, २०२४ मध्ये ३३.७ टक्के. सुधारणा आहे, तरी तिघांतल्या दोघांना ती येत नाही.

न येणाऱ्यांपैकी बरेच जण ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहितात. हा निष्काळजीपणा नव्हे. दोनातून सात जात नाहीत, तर सातातून दोन काढावेत, असा स्वतःचा नियम मूल इमानेइतबारे पाळत असते. लाल शाईची फुली या नियमापर्यंत पोचत नाही. त्याला ‘शेजारून हातचा घे’ असे सांगितले, तर ते पाच खोडून चार लिहील आणि दोनाच्या डोक्यावर एक ठेवील. तो एक म्हणजे दहा आहेत, हे कळलेले असेलच असे नाही. काड्यांच्या गठ्ठ्याचे रबर सोडावे लागते किंवा खेळातली दहाची नोट मोडून दहा नाणी हाती द्यावी लागतात. हे सगळे वेळखाऊ असते, आणि घटक चाचणी तोंडावर आलेली असते.

वाण्याला हातचा लागत नाही. सत्तावीस रुपयांचा माल आणि पन्नासची नोट असेल तर तो सत्तावीसवर तीन ठेवून तीस करतो, मग वीस देतो. ही वजाबाकी बेरजेनेच उरकते. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफलो त्याच्या लेखकांत आहेत. भाजी विकताना अवघड हिशेब तोंडी करणारी मुले तशाच कागदी उदाहरणांपुढे अडली, आणि शाळेत जाणारी मुले बाजारातल्या हिशेबात. बाजार आणि शाळा यांच्यातली भिंत दोन्ही बाजूंनी सारखीच उंच निघाली.

त्यातच सुटे पैसे संपले. एसटीचा कंडक्टर तिकिटाच्या मागे उरलेले पैसे लिहून द्यायचा, आणि उतरण्याआधी ते मागायची जबाबदारी खिडकीशी बसलेल्या पोरावर असायची. किराणावाल्याने दोन रुपयांऐवजी गोळ्या हातात ठेवल्या, तर त्या किती यायला हव्यात यावर भांडता यायचे. आता क्यूआर कोड दाखवला की नेमकी रक्कम जाते. काही परत येत नाही, म्हणून कोणी मोजत नाही. सामान आणायला धाडलेले मूल मोबाइल घेऊन जाते आणि पिशवी घेऊन येते, त्याला हिशेब विचारण्यासारखे काही उरत नाही. पुस्तकातल्या उदाहरणांत मात्र रमेश अजून शंभराची नोट घेऊनच दुकानात जातो.

शून्ये आली की हातच्याची खरी दमछाक होते. ४०० मधून १५८ वजा करताना शेजारी शून्य, त्याच्याही शेजारून आणायचे, आणि वहीत खाडाखोडच खाडाखोड. दोन्ही संख्यांतून एकेक काढला तर ३९९ वजा १५७ उरते: हातचा नाही, उत्तर २४२. फरक जसाच्या तसा राहतो, हे दुसरीतले मूलही दोन काड्या शेजारी ठेवून दोन्हींचा सारखाच तुकडा मोडला की पाहू शकते. परीक्षेत मात्र शून्य खोडून वर नऊ लिहिलेला दिसला नाही, तर बरोबर उत्तराचाही अर्धा गुण जाऊ शकतो.