उसनी विद्या, आपला समुद्र

फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारने अमेरिकेकडून २४ एमएच-६०आर नौदल हेलिकॉप्टरे घेण्याचा करार केला. किंमत सुमारे २.६ अब्ज डॉलर! पहिल्या भारतीय तुकडीचे प्रशिक्षणही अमेरिकेतच झाले. मार्च २०२४ मध्ये कोचीच्या आयएनएस गरुड तळावर या हेलिकॉप्टरांचे पथक समारंभपूर्वक दाखल झाले.

नव्या यंत्राचा पहिला धडा विक्रेत्यानेच द्यावा, हे समर्थकांचे म्हणणे मान्य करता येईल. परंतु पाणबुडीविरोधी युद्धविद्या म्हणजे यंत्र चालविणे नव्हे. काळोख्या रात्री लाटांवर अधांतरी स्थिर राहून पाण्यात सोनार सोडायचा, असंख्य ध्वनींतून शत्रूचा ध्वनी वेगळा काढायचा आणि क्षणात निर्णय घ्यायचा, ही ती विद्या. पाण्याच्या तापमानाप्रमाणे ध्वनीची वाट वळते. तेव्हा अरबी समुद्राच्या उष्ण पाण्याचे ज्ञान कॅलिफोर्नियाच्या थंड किनाऱ्यावर कसे मिळणार?

परावलंबनाची किंमत देशाने एकदा मोजली आहे. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि ब्रिटिश बनावटीच्या सीकिंग हेलिकॉप्टरांचे सुटे भागही अडकले. जो सुटे भाग अडवू शकतो, तो विद्याही अडवू शकतो.

म्हणून प्रगत डावपेचांचे शिक्षण, त्याचे शिक्षक, सराव-यंत्रणा आणि दुरुस्तीचे ज्ञान स्वदेशी हाती किती आले, याचा हिशेब संसदेने मागितलाच पाहिजे. शस्त्र विकत मिळते. स्वावलंबन विकत मिळत नाही.