पडायला कोण शिकवणार?

माझा धाकटा भाऊ सध्या जिना चढताना कठडा धरून चढतो. शेजाऱ्यांनी विचारलं की "पाय मुरगळला" म्हणतो. खरं कारण सांगायची त्याला लाज वाटते. नोकरीला दुबईत असतो, सुट्टीवर आला, मित्रांबरोबर गोव्याला गेला आणि तिथे वॉटर स्कीइंग करायला उतरला. पहिल्याच झटक्यात मांडीच्या मागचा स्नायू फाटला. बाळकुमच्या घरी तो आला तो दोन मित्रांच्या खांद्यावर हात टाकून.

घरात मग जे व्हायचं ते झालं. अम्मी म्हणाली, चाळिशीला आलास, हे कसले शौक? एका नातेवाईकाने फोनवर सुनावलं की हे आपल्या लोकांचे खेळ नव्हेत. बाहेरच्या एका ओळखीच्या बाईंनी अगदी प्रेमाने विचारलं, "अहो, तुमच्यात चालतं का असलं?" म्हणजे वाक्य तेच, फक्त कुंपणाच्या पलीकडून आलेलं.

मला तिघांशीही भांडायचं आहे. भावाचा शौक चुकला नाही. त्याला पडायला कुणी शिकवलं नाही, ही चूक झाली.

त्याच्याकडून मी सगळं खोदून खोदून विचारून घेतलं. मग डॉक्टरांना विचारलं, आणि जे वाचायला मिळालं ते वाचलं. शिक्षकाची खोड, दुसरं काय. वॉटर स्कीइंग म्हणजे मोटरबोटीला बांधलेल्या दोराची मूठ धरून, पायात दोन पट्ट्या अडकवून, पाण्यावरून ओढलं जाणं. दोर साधारण 23 मीटर, म्हणजे 75 फूट. नवशिक्या मोठ्या माणसासाठी वेग ताशी 30 ते 40 किलोमीटर, मुलांसाठी त्याहून बराच कमी. पाहताना वाटतं, सगळी कसरत उभं राहून तोल सांभाळण्याची आहे. खरी गोष्ट त्याआधीची आहे.

सुरुवात पाण्यात बसून होते. हौजाच्या काठी वुजूला आपण जसे उकिडवे बसतो, जवळजवळ तसंच: गुडघे छातीशी, हात सरळ, अंग मागे रेललेलं, पट्ट्यांची टोकं पाण्याबाहेर आणि दोर दोन पट्ट्यांच्या मधून गेलेला. बोट हळूहळू वेग घेते आणि तीच तुम्हाला वर उचलते. तुम्ही स्वतः उठायचं नसतं. नवशिका मात्र घाबरून लगेच पाय ताठ करतो, किंवा कोपरं वाकवून मूठ छातीकडे ओढतो. पाय ताठ झाले की पट्ट्या पाण्याला नांगरासारख्या धरतात, बोट धडाला पुढे ओढते, माणूस कमरेत वाकतो आणि मांडीच्या मागचा स्नायू दोन्ही टोकांनी ताणला जातो. तो फाटतो, कधी बसण्याच्या हाडापासून उखडतोही. डॉक्टरांनी भावाला पहिला प्रश्न विचारला तो हाच: "उठताना गुडघे सरळ केले होते का?" या खेळातल्या नवशिक्यांची ही ओळखीची दुखापत आहे.

आता मला सांगा, हे वाक्य किनाऱ्यावर कुणी त्याला सांगितलं असतं तर किती वेळ लागला असता? अर्धा मिनिट.

हा खेळ ज्याने पहिल्यांदा जमवला त्याला सांगणारं कुणी नव्हतं. अमेरिकेतल्या मिनेसोटात लेक सिटी गावचा राल्फ सॅम्युएलसन, वय अठरा. 1922 च्या उन्हाळ्यात लेक पेपिन या तळ्यावर त्याने आधी पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्कीज. दोन्ही बुडाल्या. मग त्याने लाकडी फळ्यांची टोकं पाण्यात उकळून वर वाकवली, चामड्याचे पट्टे ठोकले, आणि कितीतरी वेळा पडल्यावर त्याच्या लक्षात आलं की अंग मागे रेलायचं आणि टोकं पाण्याबाहेर ठेवायची. त्याने पडून पडून मिळवलेलं ज्ञान आज आपल्याला फुकट मिळू शकतं. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून खेळला गेला. शंभर वर्षं झाली, आणि आमच्या भावाला मात्र पैसे घेऊन थेट पाण्यात सोडलं.

बोटीत दुसरा माणूस होता का, हे मी विचारलं. नव्हता. चालवणारा पुढे बघणार की मागे? म्हणूनच पाण्यातल्या माणसावर नजर ठेवायला बोटीत एक वेगळा माणूस लागतो. इंजिनाच्या आवाजात ओरडून काही ऐकू येत नाही, त्यामुळे खुणा ठरलेल्या असतात: अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, गळ्यावरून हात फिरवला की इंजिन बंद. पडल्यावर हात वर करायचा, म्हणजे मी ठीक आहे. पडलेल्या माणसाला उचलताना इंजिन बंदच हवं, कारण पंख्याची जखम स्नायू फाटण्यासारखी औषधाने बरी होत नाही. आणि दोर कधीही मनगटाला किंवा बोटांना गुंडाळायचा नाही. तोल गेला की मूठ सोडून द्यायची. भाऊ म्हणाला, "आपा, मी तर सोडायचीच नाही असं ठरवून धरली होती." आपल्याला घट्ट धरायला शिकवलेलं असतं. सोडायला नाही.

हे फक्त वॉटर स्कीइंगपुरतं नाही. आपल्याकडे ते करणारे थोडेच. अलिबाग, नागाव, काशीदला गर्दी असते ती बनाना राइडला, हवा भरलेल्या ट्यूबवर बसून ओढून घ्यायला. दोर तोच, बोट तीच, पडणं तेच. उलट बनाना तर शेवटी मुद्दाम पालथी करतात, कारण त्यातच मजा. अशाच एका किनाऱ्यावर माझ्या भाचीने हट्ट धरला. ती अबाया घालते. तिला वरून जॅकेट दिलं, त्याचं एक बक्कल तुटलेलं. बनाना उलटली तेव्हा जॅकेट वर सरकून तिच्या हनुवटीत अडकलं आणि अबाया पायांभोवती गुंडाळला गेला. दोन मिनिटांत तिला वर घेतलं, अल्लाहचे आभार. ती हसत होती. माझे हात मात्र थरथरत होते.

जॅकेट नीट आहे का, हे तपासायला काही लागत नाही. सगळी बक्कलं लावून हात वर करायचे आणि दुसऱ्या कुणाला खांद्याशी धरून ते वर ओढायला सांगायचं. ते कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही.

आणि कपड्यांबद्दल, कारण शेवटी सगळी चर्चा तिथेच येते. सैल, लांब कापड वेगाच्या पाण्यात धोक्याचंच. ते भिजून जड होतं, पायात अडकतं. हे मी धर्म म्हणून नाही, पाणी म्हणून सांगते. पण या खेळाचा स्वतःचा पोशाख काय आहे? वेटसूट. गळ्यापासून घोट्यापर्यंत. निदान जाड निओप्रीनची आखूड विजार तरी घालावी असं जाणकार सांगतात, कारण वेगात बुडावर आपटलं की पाणी जोराने शरीराच्या आत शिरतं आणि स्त्रियांना त्याने गंभीर इजा होऊ शकते. म्हणजे अंग झाकणं इथे सुरक्षिततेचाच भाग आहे. कुणी म्हणेल, ते अंगाला चिकटतं. मग वर बुर्किनी आहे. ऑस्ट्रेलियातल्या अहेदा झनेटी या बाईंनी 2004 मध्ये ती तयार केली, आणि तिथल्या क्रोनुला किनाऱ्यावर मेका लाआला ही मुस्लिम तरुणी तसला पोशाख घालून जीवरक्षक झाली. लोकांना वाचवणारी, वाळूवर बसून पर्स सांभाळणारी नव्हे.

आमच्या सहलींत वाळूवर कोण बसतं ते आठवून बघा.

1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या आबेदा इनामदार महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी बुडाले. त्यांत मुली जास्त होत्या. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये कुणी जेवलं नाही. तेव्हापासून सहलीचा विषय निघाला की पहिलं वाक्य असतं, पाण्याजवळ नको. मी स्वतः ते म्हटलेलं आहे. पण इतक्या वर्षांत "पोहायला शिकवू" हे वाक्य आमच्या एकाही सभेत आलं नाही. मुलं मोठी होतात, स्वतःच्या पैशाने पाण्याजवळ जातातच. 18 डिसेंबर 2024 ला नौदलाची बोट नीलकमल फेरीवर आदळली, 15 जण गेले. फेरीवरचे लोक तर घारापुरीची लेणी बघायला निघाले होते, खेळायला नव्हे. त्यांतल्या कित्येकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं.

पाणी आपल्याला टळणारं नाही. बाळकुममध्ये राहणाऱ्याने तर तसं म्हणूच नये. कशेळीच्या पुलावरून भिवंडीला जाताना रोज खाडी ओलांडावी लागते आणि वसई-ठाणे-कल्याण जलमार्गाच्या आराखड्यात कोलशेत, काल्हेरच्या जेट्टी आहेत. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मुनावळे इथे 2024 मध्ये जलपर्यटन केंद्र झालं. अशा सपाट पाण्यावर स्कीइंग समुद्रापेक्षा सोपं जातं. गोव्यात केंद्र सरकारची जलक्रीडा संस्था बोट चालवणाऱ्यांना आणि जीवरक्षकांना प्रशिक्षण देते. तेव्हा पैसे देण्याआधी चालवणाऱ्याला "शिक्षण कुठे घेतलंत?" असं विचारण्यात काही उद्धटपणा नाही. डॉक्टरच्या भिंतीवरची डिग्री आपण वाचतोच की.

हज़रत उमर यांनी मुलांना पोहणं, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवायला सांगितल्याचं आपण बयानात वर्षानुवर्षं ऐकतो आणि माना डोलावतो. मान डोलावणाऱ्यांपैकी किती जणांच्या मुलींना पोहता येतं?

मात्र सगळा दोष आपल्या अंगणात टाकून मी थांबणार नाही. त्या प्रसंगानंतर भाचीला पोहायला घालायचं ठरलं. आमच्या भागातल्या नव्या टॉवरांमध्ये तलावांची कमी नाही. एका ठिकाणी ती बुर्किनी घालून गेली, तर पाटीकडे बोट दाखवून परत पाठवलं: "फक्त नायलॉनचा पोहण्याचा पोशाख." बुर्किनी त्याच जातीच्या कापडाची असते. मी लेबल दाखवलं. रखवालदार म्हणाला, "मॅडम, मला कापडाचं कळत नाही, मला वरून सांगितलंय." तुमच्यात चालतं का, असं विचारणाऱ्या बाई त्याच टॉवरमध्ये राहतात. मी त्यांना फोन केला, आणि त्यांनी समितीच्या बैठकीत विषय काढायचं कबूल केलं आहे. बैठक पुढच्या रविवारी आहे. लेबलचा फोटो त्यांनी मागून घेतला.

भाऊ व्यायाम करतो आहे. डॉक्टरांनी धावायला अजून परवानगी दिलेली नाही. परवा रात्री जेवणानंतर तो दिवाणखान्यात जमिनीवर बसून भाचीला दाखवत होता: गुडघे छातीशी, हात सरळ, मागे रेल. दोराऐवजी अम्मीची ओढणी होती. अम्मी ओरडली, पण ओढणी तिने काढून घेतली नाही.