घामाचा हिशेब

माझा बाप हातभट्टीनं गेला. म्हणून दारुड्याला हात देणाऱ्याला मी शिव्या देणार नाही. येशूचं नाव घेऊन कुणाची बाटली सुटत असेल, तर सुटो. माझा सवाल पगाराचा आहे.

अमेरिकेत, अर्कान्सासात, अलामो फाउंडेशन नावाची ख्रिस्ती संस्था होती. गर्दुल्ले, बेवारस, गुन्हेगार यांना सुधारायची, ठेवून घ्यायची. आणि राबवायची! पेट्रोल पंप, किराणा, कपड्यांची दुकानं, डुकरांचे फार्म, छपरांची कामं. सुमारे ३०० माणसं. रोख पगार शून्य. जेवण, कपडे, निवारा घ्या नि गप राबा. काय तर म्हणे, धर्मकार्य! कोर्टात त्या माणसांनीच साक्ष दिली, आम्हाला पगार नको, आम्ही प्रभूसाठी राबतो.

१९८५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं: हे कामगारच आहेत. किमान वेतनाचा कायदा यांनाही लागू.

ओळखीचं वाटतं ना? आमच्या आज्यानं महारकी केली. शिळी भाकर, आणि वर धर्माचा शिक्का. तोही म्हणायचा, हे आपलं कामच हाय. पोटाला बांधलेल्या माणसाच्या होकाराला होकार म्हणत नाहीत! वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. घटनेचं कलम २३ वेठबिगारीला गुन्हा म्हणतं. पण वेठ कपडे बदलून येते.

नशा सोडवा, जरूर सोडवा. भिंतीवर क्रूस लावा, नाहीतर पंचशीलाचा झेंडा. पण राबवलंत, तर पगार हातावर ठेवा.

घाम आमचा आहे. हिशेब द्या!