माणमध्ये स्ट्रॉबेरी कशाला?

सोमवारी सकाळी ऑफिसात चहाच्या मशीनपाशी पूर्वी एकच विषय असायचा, वीकेंडला कुठला सिनेमा टाकला? आता प्रश्न असतो, किती किलोमीटर? खरं तर विचारायचीही गरज नसते. रविवारी साडेसातलाच ग्रुपवर स्क्रीनशॉट येऊन पडलेले असतात. दहा किलोमीटर, पेस अमुक, कॅलरीज तमुक. खाली अंगठे, ज्वाळा आणि फुगवलेले दंड! आणि हे सगळं पांघरुणातून एका डोळ्याने बघणारे आपण. तसे आपणही शनिवारी चार किलोमीटर पळून आलेलो असतो. घरी आल्यावर मस्त वाटलेलंही असतं. पण तो दहाचा आकडा दिसला रे दिसला, की आपले चार एकदम दीडच वाटायला लागतात.

या खोडीचा फंडा लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडून ठेवलाय. स्वतःला मोजायला ठोस माप नसलं, की माणूस दुसऱ्याशी ताडून बघतो. तेही आपल्याच आसपासच्या माणसाशी. म्हणून ऑलिम्पिकवाल्यांचं आपल्याला काही वाटत नाही, पण अकाउंट्समधल्या त्या पोराचा पेस मात्र झोप उडवतो. गंमत म्हणजे आपल्याकडे माप आहे. मनगटावर घड्याळ आहे, घरात वजनकाटा आहे. तरी आपण डोकावतो ते शेजारच्याच्याच घड्याळात!

मागच्या डिसेंबरात आमची आठ जणांची गँग महाबळेश्वरला गेली होती. पहाटे उठून विल्सन पॉइंटपर्यंत पळायचं असं रात्रीच ठरलं. सिंदोळा टेकडीवरचा हा पॉइंट म्हणजे इथली सगळ्यात उंच जागा, १,४३९ मीटर. बाजारपेठेपासून अंतर जेमतेम दोन किलोमीटर, पण चढाचं. पहाटे सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या बांधून झाल्या आणि एक मैत्रीण म्हणाली, ‘तुम्ही व्हा पुढे. मी सूर्योदय व्हॉट्सअॅपवर बघेन.’ बाळंतपणानंतर डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर ती नुकतीच पुन्हा पळायला लागली होती. मी तिच्याबरोबर मागे थांबले. मग आम्ही दोघी चालतच निघालो.

‘पळायचा नाही गं कंटाळा आला,’ ती म्हणाली. ‘मी शेवटी पोचले की सगळे टाळ्या वाजवतात ना, त्याचा आलाय. पोराने ताटातली भाजी संपवली की वाजवतात तशा!’ मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, ‘तुमचं एक वेळ सोड. माझा दोन वर्षांपूर्वीचा टाइम अजून अॅपमध्ये आहे. तो रोज टोमणे मारतो.’

हे ऐकून मी चाटच पडले. कारण ‘दुसऱ्याशी नको, स्वतःशीच तुलना कर’ हा सल्ला आपण सगळेच किती सहज फेकतो! पण दोन वर्षांपूर्वीची ती म्हणजे तरी कोण? तिला रात्री तीनदा उठावं लागत नव्हतं. तिच्या पोटाचे स्नायू नुकतेच ताणून सैलावलेले नव्हते. थोडक्यात, तीही दुसरीच बाई.

शिवाय महाबळेश्वरात हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण पंधरा टक्क्यांनी कमी असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही कमी. त्यात चढ. मरीन ड्राइव्हवरचा पेस इथे मिळाला नाही तर टेन्शन कसलं घ्यायचं? साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. यवतेश्वरचा घाट चढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. तिथली वेळ मुंबईच्या सपाट रस्त्यावरच्या वेळेशेजारी ठेवून काही कळत नाही.

बरं, रस्ता सारखा, हवा सारखी आणि व्यायामही सारखाच असला तर? हेही करून झालंय. क्लोद बुशार्ड आणि सहकाऱ्यांच्या ‘हेरिटेज’ या अभ्यासात व्यायामाची सवय नसलेल्या ४८१ जणांना २० आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली सायकल चालवायला लावली. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले. शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिलिलिटरने वाढली होती. पण ही झाली सरासरी! काहींची एक लिटरहून जास्त वाढली, तर काहींची जवळपास जागेवरच राहिली. कामचुकारपणाचा प्रश्नच नव्हता, घाम सगळ्यांनी गाळला होता. या फरकाचा निम्म्याच्या आसपास वाटा घराण्याकडून आलेला असू शकतो, असं त्यांचं गणित सांगतं.

हे पटत नसेल तर सातारा जिल्ह्याचा नकाशा उघडा. पश्चिमेच्या टोकाला महाबळेश्वर, वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला दुष्काळी माण तालुका, पाऊस त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. जिल्हा एक, कलेक्टर एक! पण माणच्या शेतकऱ्याला ‘तुझ्या रानात स्ट्रॉबेरी का नाही रे?’ असं कुणी विचारत नाही. तो आपला ज्वारी-बाजरी पेरतो, मेंढरं राखतो. जमीन बघून पीक घ्यायचं, एवढी अक्कल आपल्याला शेतीत आहे. शरीराच्या बाबतीत कुठे जाते?

याच माणमधल्या मोही गावची ललिता बाबर. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा, त्या वेळचा नवा राष्ट्रीय विक्रम केला. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. तब्बल ३२ वर्षांनी! अंतिम फेरीत ती दहावी आली, सुवर्णपदकापासून जवळपास २३ सेकंद मागे. आता ‘२३ सेकंद मागे’ म्हणायचं की ‘३२ वर्षांनी पहिली’? दोन्ही खरंच आहे. कुठल्या मापाने मोजायचं, ते आपण ठरवायचं.

स्पर्धा वाईट, असं माझं मुळीच म्हणणं नाही. पुढे पळणारा मित्र कधी कधी आपल्याला चांगला खेचूनही नेतो. पण त्याच्यामुळे बूट कपाटात जाणार असतील, तर महिनाभर ग्रुप म्यूट करा, बॉस. घराजवळचा एकच चढ आपला म्हणून निवडा. महिन्यातून एकदा तोच चढ चढा आणि दम कुठल्या झाडापाशी लागला, एवढंच कॅलेंडरवर लिहा. पळताना दोन वाक्यं बोलता येतात का, ते बघा. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. त्यात पेसचा किंवा कितवा नंबर आला याचा कुठेही उल्लेख नाही.

आणि जे नेहमी पुढे असतात, त्यांनाही एक विनंती. मागून येणाऱ्यासाठी टाळ्या नका वाजवू. त्याचा चहा सांगून ठेवा आणि आपल्या गप्पा चालू ठेवा.