विजेचा शेजारधर्म

घरातले विरजण संपले, की गृहिणी वाटी घेऊन शेजारच्या दारी जाते. शेजारीणही ते आनंदाने देते. कारण उद्या तीच अडचण आपल्या घरी येईल, हे ती जाणते. या देवघेवीत कोणी दाता नसतो, कोणी याचक नसतो. हिमालयाच्या परिसरातील राष्ट्रांनी विजेच्या बाबतीत असाच शेजारधर्म आरंभिला आहे.

नेपाळ व भूतान हे देश लहान, परंतु नद्यांनी संपन्न आहेत. उंचावरून कोसळणाऱ्या पाण्याने चक्रे फिरतात व वीज निर्माण होते. त्यासाठी कोळसा जाळावा लागत नाही. पाऊस व हिम नद्यांना दरवर्षी नवे पाणी देतात. मात्र निसर्गाचे हे दान बारमाही सारखे नसते. पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहतात आणि वीज गरजेहून अधिक होते. हिवाळ्यात पाणी ओसरते आणि घरांना ऊब हवी असते नेमकी तेव्हाच वीज अपुरी पडते. धान्य कणगीत भरून ठेवावे, तशी वीज सहज साठविता येत नाही. म्हणून पावसाळ्यात द्यावी व हिवाळ्यात घ्यावी, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

भूतानमधील चुखा येथील ३३६ मेगावॅटचे वीजगृह भारताच्या साहाय्याने १९८८ पर्यंत पूर्ण झाले. तेथील वीज भारताला मिळू लागली व तिचे मोल भूतानला. हिवाळ्यात मात्र भूतानच भारताकडून वीज घेतो. नेपाळमध्ये एके काळी हिवाळ्यात दिवसाचे बारा तासांहून अधिक काळ अंधार असे. २०१६ साली ढल्केबर ते मुजफ्फरपूर ही मोठी वाहिनी सुरू झाली. भारतातून वीज आली आणि तो अंधार सरण्यास मोठे साहाय्य झाले. पुढे २०२१ मध्ये तोच नेपाळ भारताच्या वीजबाजारात विक्रेता म्हणून उभा राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेपाळ, भारत व बांगलादेश यांच्यात करार झाला. त्यान्वये पावसाळ्यातील ४० मेगावॅट वीज भारताच्या वाहिन्यांवरून बांगलादेशास देण्याचे ठरले.

कोणी म्हणेल, आपल्या दिव्याची कळ परक्याच्या हाती का द्यावी? ही शंका पोकळ नव्हे. मोठ्या राष्ट्राने ती कळ दाबून लहानाला नमवू पाहिले, तर हा व्यवहार क्षणात विषारी होईल. परंतु त्यावर उपाय दार बंद करणे हा नव्हे. दार बंद केले, तर पावसाळ्यातील पाणी व्यर्थ वाहून जाईल आणि हिवाळ्यातील अंधार तसाच राहील. जेथे दोघेही देतात व दोघेही घेतात, तेथे परावलंबन नसते, परस्परावलंबन असते. मात्र दर न्याय्य हवा, दिलेला शब्द पाळला गेला पाहिजे आणि वाटेवरच्या राष्ट्राने वाट अडवता कामा नये.

नेपाळ व बांगलादेश यांच्या मध्ये भारताची भूमी आहे. वाट ज्याच्या अंगणातून जाते, त्याची जबाबदारी अधिक असते. चाळीस मेगावॅट ही वीज थोडी आहे. पण विरजणही थोडेच असते. तेवढ्यानेच सारे दूध लागते. भांडे मात्र स्वच्छ असावे लागते.